मुलीला उंच उडी कितव्या वर्षापासून शिकवावी? (चोपडा, जि. जळगाव)

नमस्कार मंडळी. मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत. परवा मळ्यात पोरांनी कडुनिंबाला आणि सायकलच्या सीटला सुतळी बांधली होती. ही धावत आली, एका पायावर उठली अन् सुतळीला न शिवता पलीकडे! मी टेप लावून पाहिली, ९० सेंटीमीटर भरली. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही.

दीर म्हणतात आत्तापासूनच तयारी करून घ्या. आमचे हे म्हणतात, बारा वर्षांची होऊ दे, हाडं कोवळी आहेत. त्यात मागच्या महिन्यात एकाने तिला 'मोठे खेळाडू मारतात तशी' पाठीवरची उडी, म्हणजे दांडीवरून उलटं जाऊन पाठीवर पडायची, वाळूत मारायला लावली. ती मानेवर आली. दोन दिवस मान वळत नव्हती. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, पण माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. तिची आवड मोडायची नाहीये. नेमकं काय करू?

प्रतिसाद (धुळे):
ताई, फोमची जाड गादी नसेल तिथे पाठीवरची उडी पूर्ण बंद करा. ती उडी अमेरिकेच्या डिक फॉसबरीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटर मारून जगाला दाखवली, आणि तीसुद्धा वाळूच्या जागी गाद्या आल्या म्हणूनच शक्य झाली. वाळूत फक्त सीझर, म्हणजे कात्री उडी. आधी दांडीजवळचा पाय वर, मग दुसरा, आणि उतरायचं पायांवरच.

नऊ हे वय सुरुवातीला चांगलं आहे, पण उंची वाढवत नेण्याचं नाही. लंगडी घालू द्या, दोन्ही पायांवर आळीपाळीने. दोरीवरच्या उड्या, पळापळी. आठवड्यातून दोन दिवस दहा-पंधरा सीझर पुष्कळ झाल्या. दांडीपासून लांबचा पाय उडीचा, हे एकदा अंगात बसलं की पुढे पाठीवरच्या उडीलाही तोच पाय लागतो, म्हणून आत्ता केलेलं वाया जात नाही. पाठीवरची उडी बारा-तेराव्या वर्षी, गादीवर, जाणत्या प्रशिक्षकासमोर.

त्याच सुमारास उंची झपाट्याने वाढते. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखायला लागलं तर 'सहन कर' म्हणू नका. उड्या थांबवा, डॉक्टरांना दाखवा. चांगली पोरं तिथेच खेळ सोडताना पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

खेड्यात राहतो म्हणून मागे पडू असंही समजू नका. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला सर्वेश कुशारे सुरुवातीला मक्याच्या भुशाच्या गादीवर उडायचा. २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत त्याने २.२८ मीटर मारून सहावा नंबर काढला.

धागाकर्ती:
भाऊ, फार आभार. तुमचं वाचून संध्याकाळी नीट पाहिलं. डाव्या पायावर उठते आणि उजवीकडूनच धावत येते, कुणी न शिकवता. सुतळी कंबरेखाली घेतली, थोडी रुसली, पण लंगडीत रमली. आता एवढंच सांगा, चोपडा, अमळनेर किंवा जळगावात उंच उडीची गादी असलेलं आणि लहान मुलींना येऊ देणारं मैदान कुणाला माहीत आहे का? रविवारी घेऊन जायची माझी तयारी आहे.