मराठवाड्यातली हिशेबाबाहेरची अर्थव्यवस्था मोजायला रोख-मागणीची पद्धत चालेल का?

गोदाकाठ
एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मराठवाड्याचे आठ जिल्हे घेतलेत, काळ 2010 ते 2023. अर्थतज्ज्ञ टॅन्झीची रोख-मागणी पद्धत (लोक किती रोख बाळगतात त्यावरून लपलेली उलाढाल काढायची) वापरायचं ठरवलं होतं, पण जिल्हावार बँक ठेवी मिळतात, लोकांच्या हातातल्या रोखीचा जिल्हावार आकडा मात्र नाही. ठेवींच्या प्रमाणात देशाची रोख वाटून घेतली तर चालेल का? नाहीतर वीजवापरावरून काढावं म्हणतोय.

मोंढा_नाका
वाटून घेऊ नका. रोख ठेवींच्या प्रमाणात वाटली की रोख आणि ठेवी यांचं गुणोत्तर आठही जिल्ह्यांत एकच येणार, आणि तुम्हाला तर त्याच गुणोत्तरातला फरक मोजायचाय. उत्तर आधीच ठरवून गणित मांडल्यासारखं होईल.

देशपातळीवरसुद्धा ही पद्धत सांभाळून वापरावी लागते. पायऱ्या अशा: रोख आणि एकूण पैसा यांच्या गुणोत्तराचं समीकरण कराचा भार, व्याजदर, दरडोई उत्पन्न यांच्यावर बसवायचं. मग कराचा भार शून्य (किंवा मालिकेतला सर्वांत कमी) धरून रोख पुन्हा काढायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे 'लपलेली' रोख, तिला चलनवेगाने (जीडीपी भागिले अधिकृत पैसा) गुणायचं. समजा लपलेली रोख 3 लाख कोटी निघाली, उरलेला अधिकृत पैसा 30 लाख कोटी आणि जीडीपी 240 लाख कोटी. वेग 8, म्हणजे 24 लाख कोटी, जीडीपीच्या 10 टक्के. वेग दोन्हीकडे सारखाच, हे नुसतं गृहीतक. तो 8 ऐवजी 12 धरला की तेच उत्तर 15 टक्के होतं.

आपल्याकडे मोठी गोची शेतमालाची. मोंढ्यावर, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, रोख फिरते ती कर चुकवायलाच असं नाही. शेतीचं उत्पन्न 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(1) खाली करमुक्त होतं. धंद्याच्या 10,000 च्या वरच्या रोख खर्चाला वजावट मिळत नव्हती, त्यातूनही शेतकऱ्याकडून घेतलेल्या मालाला नियम 6डीडीची सूट होती. त्यामुळे करभाराचा गुणक आपल्या भागाबद्दल फारसं काही सांगत नाही.

नोटाबंदीचं वर्षही जपून हाताळा. 15.41 लाख कोटींच्या नोटांपैकी 15.31 लाख कोटींच्या परत आल्या, पण तो साठा झाला, आपण मोजतोय वर्षाचा प्रवाह. शिवाय यूपीआयही 2016 चंच. त्या वर्षी मालिका तुटलेली धरा.

थ्री_फेज
विजेचं म्हणाल तर मराठवाड्यात तो मार्ग रोखीपेक्षाही निसरडा. वीजवापर आणि उत्पन्न सारख्याच दराने वाढतात असं धरायचं, आणि नोंदलेल्या उत्पन्नापेक्षा वीज जितकी जास्त वाढली तितकं उत्पन्न लपलं म्हणायचं, एवढीच ती युक्ती. पण बिनमीटरच्या शेतीपंपांचा वापर अश्वशक्ती आणि तासांवरून बसवलेला असतो. म्हणजे अंदाजावर दुसरा अंदाज. त्यात 2015-16 सारखा दुष्काळ आला की काही विहिरी कोरड्या पडून पंप बंद, आणि काही बोअर आणखी खोल जाऊन तेवढ्याच पाण्याला जास्त युनिट. दोन्हींचा काळ्या पैशाशी काडीचा संबंध नाही.

शेती वगळून नुसता उद्योग घ्यायचा तर जालन्यात सळईच्या भट्ट्यांचा भार मोठा. इंडक्शन भट्टीला टनामागे किती युनिट लागतात ते भंगार आणि स्पंज आयर्न यांच्या मिश्रणावर ठरतं, स्पंज वाढलं की युनिट वाढतात. उत्पादन शुल्काच्या वादांत पुढे आलेल्या एका तांत्रिक अहवालातच 555 ते 1046 अशी तफावत होती. एवढ्या रुंद पट्ट्यात कोणाचंही उत्पादन जवळपास दुप्पट दाखवता येतं.

कोयता_आणि_कोष्टक
श्रमाची पद्धत घ्या, इटलीच्या सांख्यिकी संस्थेची. जिल्हावार हट्ट मात्र सोडा, नमुना पुरत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या (एनएसएस) विभागांत 'इनलँड सेंट्रल' म्हणजे मराठवाडाच, तेवढाच गाळून घ्या.

सरकारच्या घरोघरच्या श्रमशक्ती पाहणीतून (पीएलएफएस) उद्योगनिहाय कामं मोजा. माणसं नाही, कामं. शेती करून ढाबा चालवणाऱ्याचा दुय्यम व्यवसायही धरायचा. दुसऱ्या बाजूला असुसे (असंघटित, बिगरशेती धंद्यांची सरकारी वार्षिक पाहणी) अधिक नोंदणीकृत आस्थापनांतली कामं. समजा ढाबे-हॉटेलांत घरांकडून 40,000 निघाली, आस्थापनांकडून 31,000. फरक 9,000, त्याला दरडोई मूल्यवर्धन 1.5 लाख लावलं की 135 कोटी. मालक पाहणीतही गल्ला कमी सांगतात, म्हणून ते 1.5 लाख मालाच्या बाजूने ताडून बघा: 19 किलोचे सिलिंडर महिन्याला किती, त्यात ताटं किती.

लोक अडकतात ते इथे:
भारांक, म्हणजे नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या जागी धरायचा तो आकडा. पीएलएफएसच्या जुन्या फायलींत तो 100 ने किंवा 200 ने भागायचा असतो, शिवाय तिमाह्यांच्या संख्येने. विसरलात तर कामगार कोटींत निघतील. जानेवारी 2025 पासून नमुन्याची रचना बदलली, तिथून पुढची मालिका सलग जोडू नका. असुसेत बांधकाम येत नाही. ते वगळा किंवा वेगळं काढा, नाहीतर गवंड्यांचा अख्खा आकडा 'लपलेला' दिसेल.

ऊसतोडीचंही बघा. बीडची कोयती (ऊसतोड मजूर) दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात. राहणं इथलं, उत्पादन तिथलं. मुकादमाची उचल नोंदीबाहेरची असली तरी ती मजुरी काही चोरी नाही, आणि उसाचं मूल्य तिकडच्या हिशेबात येऊन बसलेलं असतं.

त्यातून 2011-12 च्या राष्ट्रीय उत्पन्न मालिकेत असंघटित क्षेत्र श्रमाच्याच आकड्यांवरून बसवलेलं आहे, म्हणजे यातला काही भाग जीडीपीत आधीच आलेला असतो. म्हणून तुमचे 135 कोटी जीडीपीत सरसकट मिळवू नका, ती फक्त वरची मर्यादा. आणि काळ 2017-18 पासूनच धरा, पीएलएफएस त्याआधी नाही. असुसे तर 2021-22 पासूनची.

गोदाकाठ
पटलं. एकच राहिलं: प्लॉट-जमिनीच्या व्यवहारात रेडीरेकनरच्या वर जी रोख दिली जाते ती कुठे धरू?

कोयता_आणि_कोष्टक
कुठेच नाही. जमीन या हातातून त्या हातात गेली, नवीन उत्पादन काही झालं नाही. त्या रोखीवर कर बुडला असेल, ती करगळतीच्या तक्त्यात टाका. उत्पन्नात धरायची ती फक्त दलालाची दलाली.