रस्ट: पब्लिक इनम आणि स्ट्रक्ट पुढे वाढवता यावेत म्हणून कोणते लिंट लावावेत?

काटा_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यासाठी आमची रस्ट लायब्ररी आहे. त्यात 'वाहन' हा पब्लिक इनम: ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी. गळीत हंगामाआधी 'अंगद' (ऊस वाहणारी छोटी गाडी) हा नवा प्रकार घालायचाय. पण वापरणाऱ्यांनी प्रत्येक प्रकारावर मॅच लिहिलेत, त्यांचं कंपाइल अडणार. दरवर्षी हे नको. क्लिपीत (रस्टचा कोड तपासणारं साधन) कोणते लिंट, म्हणजे तपासणीचे नियम, चालू करू?

शिरोली_नाका:
एक्झॉस्टिव्ह_इनम्स आणि एक्झॉस्टिव्ह_स्ट्रक्ट्स, हे दोनच. रिस्ट्रिक्शन गटातले आहेत, आपोआप चालू नसतात. पण अख्खा गट लावू नका, त्यातले काही नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. रस्ट १.७४ पासून कार्गो.टॉमलमध्ये वर्कस्पेससाठी एकदाच लिहिता येतात; फक्त प्रत्येक क्रेटमध्ये (रस्टचं पॅकेज) 'लिंट्स.वर्कस्पेस = ट्रू' हवं.

बाहेर दिसणाऱ्या टाइपवर नॉन_एक्झॉस्टिव्ह (यात पुढे भर पडू शकते असं सांगणारी खूण) नसलं की हे लिंट हटकतात. मात्र आधीच प्रसिद्ध झालेल्या टाइपवर ती खूण लावणं हाच ब्रेकिंग बदल (वापरणाऱ्यांचा कोड मोडणारा) आहे. त्यामुळे 'अंगद' आणि हे, दोन्ही एकाच मेजर व्हर्जनमध्ये उरका.

स्ट्रक्टला लावलंत तर बाहेरच्यांना तो लिटरलने बनवता येत नाही, डिफॉल्टपुढे दोन टिंबं देऊनही नाही. न्यू किंवा बिल्डर आधी द्या.

उसाचा_फड:
मला हे सरसकट पटत नाही. वाहतुकीचा दर ठरवणाऱ्या मॅचमध्ये कुणी '_' (उरलेलं सगळं) लिहून ट्रॅक्टरचा दर दिला, तर अंगदचं बिल चुकीचं निघेल आणि कंपायलर चकार शब्द काढणार नाही. फटका वाहतूकदाराला.

शिरोली_नाका:
बरोबर बोललात, हा धोका खराच आहे. '_' मध्ये दर नाही, एरर परत करायची. आणि वापरणाऱ्यांना क्लिपीचा वाइल्डकार्ड_इनम_मॅच_आर्म लावायला सांगा. माहीत असलेले सगळे प्रकार लिहून '_' ठेवला तर तो गप्प बसतो. लायब्ररीत अंगद आला की लगेच सांगतो. तुमच्या स्वतःच्या क्रेटमध्ये नॉन_एक्झॉस्टिव्हचा परिणाम होत नाही, तिथं कंपायलर पूर्वीसारखाच कडक.

काटा_कोल्हापूर:
लई आभार. मग 'वाहन' आणि एरर या इनमना नॉन_एक्झॉस्टिव्ह लावून उघडे ठेवतो. 'काट्याची दिशा' म्हणजे भरलेली नाहीतर रिकामी, तिसरं काही येणार नाही. तिथं लिंट गप्प करायला अलाऊ लिहून रीझन देतो. रस्ट १.८१ पासून ते चालतंय, आमच्याकडं त्याच्या पुढचंच आहे.