बसवलेलं हृदयही मुलाबरोबर वाढतं

तान्ह्या बाळाला बसवलेलं दुसऱ्या बाळाचं हृदय पुढे लहान पडतं का आणि शरीराने ते नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांमुळे उंची खुंटते का, असे दोन प्रश्न पालकांना पडतात.

हृदय लहान पडत नाही. ती जिवंत पेशींची गोष्ट आहे, शरीराबरोबर तीही मोठी होते. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथे डॉ. लिओनार्ड बेली यांनी १९८५ मध्ये चार दिवसांच्या बाळाचं हृदय बदललं. 'बेबी मोझेस' म्हणून गाजलेलं ते बाळ पुढे चांगलं प्रौढ वयापर्यंत पोचलं.

उंचीची शंका मात्र रास्त आहे. दोष मुख्यतः दीर्घकाळ दिलेल्या स्टिरॉइडचा. म्हणूनच बेलींच्या चमूने तान्ह्यांना रोजच्या औषधांतून स्टिरॉइड शक्यतो वगळलं, आणि आज अनेक केंद्रं तसंच करतात.

मला जास्त काळजी वाटते ती बुद्धीच्या आणि बोलण्याच्या विकासाची, आणि त्याबद्दल पालकांशी फार कमी बोललं जातं. बरीच मुलं नेहमीच्या शाळेत जातात, पण भाषा, एकाग्रता, गणित यांत काहींना अडचण येते. याचं खापर नव्या हृदयावर फोडू नका. बाळाच्या मूळ हृदयाची डावी बाजू अविकसित असेल तर मेंदूला गर्भातच प्राणवायू कमी मिळतो. शिवाय शस्त्रक्रिया, हृदय मिळेपर्यंतची वाट पाहणं, रुग्णालयातले लांबलेले महिने. त्यामुळे शाळेची वाट न पाहता पहिल्या वर्षापासूनच विकासाची तपासणी करून घ्या, गरज असेल तर वाचाउपचारही लगेच सुरू करा.

आणि किशोरवयात गोळ्यांवर लक्ष ठेवा. या वयात डोस चुकवल्याने शरीराने हृदय नाकारण्याचा धोका खरोखर वाढतो.