मदत हवी आहे: पॅकेट ट्रेसरमध्ये व्हीलॅन 20 चा पिंग जात नाही

रात्रपाळी_सांगली
तीन रात्री याच्यातच गेल्या. घरीच सीसीएनएचा (सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेचा) अभ्यास करतोय, क्लास नाही. पॅकेट ट्रेसरमध्ये (नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) राउटर ऑन अ स्टिकचा लॅब लावलाय, म्हणजे एकाच केबलवरचा राउटर सगळे व्हीलॅन (स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्क) एकमेकांना जोडतो. व्हीलॅन 10 चालतो, 20 चालत नाही. सगळं बरोबर टाकलंय, चार वेळा पुसून नव्याने केलं. परीक्षा 22 दिवसांवर आली, 300 डॉलर आणि वर कर भरून झालाय. कोणीतरी लवकर सांगा.

बदलापूरकर
"सगळं बरोबर" म्हटल्यावर आम्ही काय सांगणार? स्विच कोणता, किती? पीसी कुठे जोडलेत? राउटरच्या मूळ इंटरफेसवर नो शटडाउन दिलंय का?

मीनल_पुणे
मूळ इंटरफेस बंद असता तर 10 पण चालला नसता. प्रश्न नीट वाचा की.
रात्रपाळी, 20 च्या पीसीवरून त्याचा स्वतःचा गेटवे (राउटरचा त्या व्हीलॅनमधला पत्ता) पिंग होतो का, म्हणजे उत्तर देतो का? ते आधी सांग.

केबलकाका
पॅकेट ट्रेसर सोडा. जुन्या बाजारातून सिस्कोच्या 2960 मॉडेलचे दोन स्विच आणा, कन्सोल केबल लावा, हाताने करा. केबल खोचल्यावर पोर्टचा दिवा साधारण 30 सेकंद केशरी राहतो, 15 लिसनिंगचे, 15 लर्निंगचे. ते एकदा डोळ्यांनी बघितलं की एसटीपी (स्विचमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) जन्मात विसरत नाही. मी असाच शिकलो.

मीनल_पुणे
काका, केशरी दिवा पॅकेट ट्रेसरमध्येही दिसतो. आणि ते फुकट आहे. 22 दिवस राहिलेल्या मुलाला बाजारात कशाला पाठवता?

केबलकाका
फुकट आहे म्हणून पुरेसं आहे असं नाही. खऱ्या स्विचवरच्या कितीतरी कमांड त्यात चालतच नाहीत. हे मी कळकळीने सांगतोय.

रात्रपाळी_सांगली
गेटवे पण पिंग होत नाही. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. काका, मी एका ब्रॉडबँडवाल्याकडे रात्री तक्रारी घेतो. पगारातून परीक्षेची फी कशीबशी भरली, स्विच आता जमणार नाही.

अमेय_हिंजवडी
खरं सांगू का, नेटवर्किंगपेक्षा क्लाउड शिक. सीसीएनए तीन वर्षांनी परत रिन्यू करावं लागतं.

बदलापूरकर
पैसे भरलेल्या माणसाला हे सांगून उपयोग काय? आणि क्लाउडमध्ये सबनेट (नेटवर्कचे छोटे तुकडे) पाडावे लागत नाहीत का?

गणित_सर_लातूर
सबनेटचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बायनरी मांडत बसू नका. 172.16.45.130/26 घ्या. /26 चा मास्क 255.255.255.192, म्हणून 256 मधून 192 वजा, 64 चा ठोकळा. 0, 64, 128, 192. 130 बसतो 128 च्या ठोकळ्यात, म्हणून नेटवर्क 128, ब्रॉडकास्ट 191. रोज वहीत 20 गणितं करा. परीक्षा 120 मिनिटांची आणि मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. दोन राउटरमधल्या लिंकला /30 हे तर पाठच असलं पाहिजे.

अमेय_हिंजवडी
/31 पण चालतं, पॉइंट टू पॉइंट लिंकला. दोन पत्ते वाचतात.

गणित_सर_लातूर
चालतं, मान्य. पण शिकणाऱ्याने आधी /30 पक्कं करावं, मग अपवादाकडे जावं.

मीनल_पुणे
पुन्हा मूळ प्रश्नावर येऊ या. रात्रपाळी, स्विच किती आहेत हे तू अजून सांगितलं नाहीस.

रात्रपाळी_सांगली
दोन, दोन्ही 2960. राउटर पहिल्याला जोडलाय. 10 चा पीसी पहिल्यावर, 20 चा दुसऱ्यावर. मधे ट्रंक आहे, सगळे व्हीलॅन एकत्र नेणारी लिंक. मला वाटलं हे सांगायची गरज नाही.

मीनल_पुणे
हेच तर सांगायचं होतं! पहिल्या स्विचवर शो इंटरफेसेस ट्रंक दे. त्यात "अलाउड अँड अ‍ॅक्टिव्ह इन मॅनेजमेंट डोमेन" अशी ओळ असते. तिथे कोणते आकडे आहेत?

रात्रपाळी_सांगली
1,10. त्याच्या वर अलाउडमध्ये 1-1005 आहे, त्यात 20 पण येतो ना?

मीनल_पुणे
अलाउड म्हणजे जायला परवानगी आहे एवढंच. पण पहिल्या स्विचवर व्हीलॅन 20 जन्मालाच आलेला नाही. दुसऱ्या स्विचवर तू पोर्ट 20 मध्ये टाकलास, तेव्हा तिथे तो आपोआप तयार झाला. पहिल्यावर 20 चं एकही पोर्ट नाही, म्हणून तयार झाला नाही. 20 ची फ्रेम ट्रंकवरून तिथपर्यंत येते आणि स्विच ती टाकून देतो. राउटरपर्यंत काही पोचतच नाही. पहिल्या स्विचवर कॉन्फिग मोडमध्ये व्हीलॅन 20 एवढं टाइप करून एंटर मार.

बदलापूरकर
बरोबर. मी राउटरमध्येच शोधत बसलो होतो. यापुढे शो व्हीलॅन ब्रीफ प्रत्येक स्विचवर द्यायची सवय लाव, फक्त पीसी जोडलेल्या स्विचवर नाही.

केबलकाका
व्हीटीपी (व्हीलॅनची यादी बाकीच्या स्विचना पाठवणारा प्रोटोकॉल) लावलं असतं तर आपोआप गेला असता.

मीनल_पुणे
काका, व्हीटीपीत चुकीचा स्विच जोडला तर अख्ख्या नेटवर्कचे व्हीलॅन पुसले जातात. शिकताना हातानेच करू दे त्याला.

रात्रपाळी_सांगली
झालं!! ताई, मनापासून आभार. गेटवे लागला, 10 च्या पीसीवर पण पिंग गेला. वहीत ट्रंकच्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलं. फक्त पहिलं पॅकेट टाइम्ड आउट आलं, पुढची तीन आली. अजून काही चुकलंय का?

मीनल_पुणे
काही चुकलं नाही. पलीकडच्या पीसीचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) राउटरला माहीत नव्हता. तो एआरपीने विचारेपर्यंत पहिलं पॅकेट गेलं. लगेच परत पिंग कर, चारही येतील.

रात्रपाळी_सांगली
आली, चारही. आता ओएसपीएफ (राउटरांनी मार्ग शोधायचा प्रोटोकॉल) उघडतो.

गणित_सर_लातूर
परीक्षेत आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे ओएसपीएफ येतं त्या भागाला, 25 टक्के भार आहे, तिथे वेळ दे. वाइल्डकार्ड मास्क (ओएसपीएफमध्ये लागणारा उलटा मास्क) काढायला अडलास तर इथेच विचार, आणि या वेळी डायग्राम आधी टाक.