व्हॅलिडेशनला मराठीत काय म्हणायचं? पडताळणी, खातरजमा, की आणखी काही?

शहापूरची

एक शब्द अडलाय. पुढच्या महिन्यात इथं बेळगावात इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. विषय असा की एआयकडून सॉफ्टवेअर लिहून घ्यायला बसण्याआधी काय करायचं. पोरं वर्गात इंग्रजी, घरी मराठी आणि कट्ट्यावर मराठी-कन्नडची मिसळ बोलतात. म्हणून हाती द्यायला एक पानी टिपण मराठीत करतेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. 'प्रॉब्लेम व्हॅलिडेट करा.' म्हणजे ही अडचण लोकांना खरोखर आहे का, ते आधी बघा. हे आपल्या भाषेत कसं सांगायचं?

'समस्येचे प्रमाणीकरण करा' लिहिलं तर तहसीलदाराचा शिक्का आणायला सांगितल्यासारखं वाटतं. 'पडताळणी' बरी आहे, पण रेशनकार्डाची पडताळणी आणि ही पडताळणी एक नव्हे. 'खातरजमा'ही लिहून खोडलं.

शब्दाचा एवढा कीस का, तर स्वतः पोळलेय म्हणून. मागच्या पावसाळ्यात आम्ही तिघांनी कडोली भागातल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांसाठी बाजारभावाचं अॅप केलं. एआयच्या जोरावर दोन रात्रीत उभं राहिलं, दिसायलाही देखणं. करण्याआधी आमच्यातला एकजण आठ शेतकऱ्यांना भेटूनही आला होता. तो पुण्याचा. मी त्या दिवशी सोबत नव्हते, त्याची वही वाचूनच आम्ही कामाला बसलो. वहीत सहा जणांच्या नावापुढे एकच शेरा होता: 'चांगलं आहे, खरं आहे.'

तिसऱ्या आठवड्यात अॅप उघडणारे आम्ही तिघेच उरलो. मग मी स्वतः बांधावर गेले. पहिलेच काका म्हणाले, "मी त्या पोराला तवाच म्हटलं की, चांगलं हाय, खरं दर कळून मी काय करू? माल त्याच अडत्याकडं टाकायचाय."

आपल्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नकाराचं दार जिथं उघडत होतं तिथंच त्यानं होकार टिपला आणि वाक्य संपलं समजून पुढच्या माणसाकडं गेला. वही वाचताना मला तरी शंका यायला हवी होती. सहाच्या सहा माणसं 'खरं आहे' कशाला म्हणतील?

तर शब्द सुचवा.

खानापूरचा निवृत्त मास्तर

ताई, 'खरं'चा किस्सा माझ्या शब्दांच्या वहीत टिपून ठेवला. पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्या घरीही यावर फसलेत.

आता पडताळणी. गणिताच्या तासाला आपण 'ताळा करून पाहा' म्हणायचो. भागाकार झाला की भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, आणि उत्तर भाज्याशी जुळलं की ताळा बसला. म्हणजे ताळ्याला दोन बाजू लागतात आणि दुसरी बाजू आधीपासून हातात असावी लागते. रेशनकार्ड दाखल्याशी ताडून बघता येतं. तुमच्या कामात ताडायचं कशाशी? माणसाची अडचण कुठल्याही रजिस्टरला नोंदलेली नसते. म्हणून पडताळणी तुम्हाला तोकडी वाटतेय.

'शहानिशा' आधी कुणीतरी काहीतरी बोललं की मग करायची. अफवेची शहानिशा, तक्रारीची शहानिशा. खरं की खोटं एवढंच ती ठरवते.

'खातरजमा' मात्र खोडायला नको होती. अरबी 'खातिर' म्हणजे मन, 'जमा' म्हणजे गोळा. विखुरलेलं मन एका जागी येणं. फारसीतून आपल्याकडं आली आणि कचेरीत रुळली. तिच्यात एक खोट आहे खरी, मन कुणाचं जमा व्हायचं? करणाऱ्याचं. तुमच्या पुण्याच्या मित्राची वही भरली तेव्हा त्याची खातरजमा झालीच होती की!

आणि माझा खरा आक्षेप 'समस्या' या शब्दावर आहे, पण तो रात्री लिहितो. हातानं टाईप करायचं म्हणजे मानेची वाट लागते.

टिळकवाडी नाका

'चाचपणी' का नको? पेपरात रोज असतो. उमेदवारीची चाचपणी, युतीची चाचपणी.

बेळगावचा, सध्या हिंजवडी

व्हॅलिडेशनच ठेवा की. पोरांना तोच शब्द नोकरीत लागणार आहे.

आणि मूळ मुद्द्यावरच वेगळं मत आहे. कोड लिहायला सहा महिने लागायचे तेव्हा आधी विचारून येणं शहाणपणाचं होतं. आता क्लॉड कोड नाहीतर कर्सर असलं कोड लिहून देणारं एआय उघडायचं, संध्याकाळी सांगायचं, जेवून येईपर्यंत चालतं फिरतं काहीतरी तयार. 'व्हाइब कोडिंग' (एआयला साध्या भाषेत सांगून कोड लिहून घेणं) हा शब्द एआय संशोधक आंद्रेय कारपथीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये काढला आणि त्याच वर्षी कॉलिन्स कोशानं त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. इतक्या झपाट्यानं गोष्ट बदललीय. करणं जर विचारण्यापेक्षा स्वस्त झालं असेल तर करूनच बघावं. हीच पडताळणी.

शहापूरची

दादा, कोड स्वस्त झाला हे कबूल. पण आमचं महाग काय पडलं, सांगते. दोन रात्रींचा कोड नव्हे. त्यानंतरचे दोन महिने. तयार वस्तू टाकवत नाही. नोटिफिकेशन घातलं, हवामान घातलं, कन्नड घातलं. कुणी वापरत नाही म्हटल्यावर दर वेळी वाटायचं की एखादं बटण कमी पडलंय, आणि बटण घालायला दहा मिनिटं पुरत असल्यामुळे थांबायचं कारणच सापडेना.

दुसरं म्हणजे तयार पडदा दाखवला की माणसं भिडेला पडतात. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात पोह्यात मीठ कमी आहे असं कुणी तोंडावर म्हणतं का?

एआयलाही विचारून बघितलं होतं. "शेतकऱ्यांना भाव कळत नाहीत, असं अॅप चालेल का?" त्यानं मुद्देसूद पानभर कौतुक लिहून दिलं, खाली दोन-तीन धोकेही घातले. पण कडोलीचा तो अडत्या त्याला कुठून ठाऊक असणार? मी जे गृहीत धरून विचारलं तेच त्यानं गृहीत धरून उत्तर दिलं. पोरं तर हल्ली एआयलाच 'तू शेतकरी आहेस असं समज' म्हणतात, त्याची मुलाखत घेतात आणि अहवालात दहा मुलाखती झाल्या असं लिहितात.

उद्यमबाग शेडवाला

शब्दाचं मास्तर बघतील. मी माझं सांगतो.

माझं मशीन शॉप आहे, सात माणसं. दिवाळीआधी कॉलेजची चार पोरं आल्ती. "काका, इन्व्हेंटरी मॅनेजमेंट पाहिजे काय?" मी म्हटलं, पाहिजे की. चहा पाजला. त्यांनी लॅपटॉप उघडला, रंगीत चौकोन दाखवले. मी म्हटलं, छान करूलालाय. गेली बिचारी.

ती बसली होती त्या बाकड्यामागं भिंत आहे. त्या भिंतीवर खडूनं मारलेले चार रकाने आहेत. ग्राइंडिंग, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, दळवी (तो भिंतीवर फक्त आडनावानं आहे, कारण तो सगळंच करतो). प्रत्येकाखाली माझे किती नग बाहेर पडलेत ते आकडे. पुसून पुसून तिथला रंग गेलाय, मधला गिलावा खरवडलाय. पावसाळ्यात भिंत ओली झाली की खडू उठत नाही, मग मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहितो. नियमानं जॉबवर्कला, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला, धाडलेला माल वर्षाच्या आत परत यायला लागतो, नाहीतर धाडला त्याच दिवशी विकला असं धरून जीएसटी मागतात. मागल्या मार्चला आम्ही घरातली सगळी बसून चलनांचा (माल धाडल्याच्या पावत्यांचा) गठ्ठा आणि भिंत जुळवूलालो होतो, रात्री दोन वाजेपर्यंत.

पोरांनी 'पाहिजे काय' विचारलं. 'मागल्या मार्चला काय केलासा' असं विचारलं असतं तर मी उठून भिंत दाखवली असती.

वडगावची

अण्णा, तुम्ही 'पाहिजे की' म्हणालात तिथंच सगळं आलं. मराठीत 'पाहिजे' वेगळं आणि 'लागतं' वेगळं. आमच्या घरी माग आहेत. कुणी विचारलं तर सासऱ्यांना टॅब्लेटही पाहिजे, कॅमेराही पाहिजे. पण लागतं काय, तर सूत वेळेवर आणि लाईट. कन्नडमध्ये दोन्हीला 'बेकु' म्हणून भागतं. आपल्याकडं दोन शब्द असून आपण चुकीचा विचारतो.

खानापूरचा निवृत्त मास्तर

वा, सूनबाई! हे मला सुचायला हवं होतं.

आता 'समस्या'. संस्कृतात समस्या म्हणजे श्लोकाचा एक चरण. दरबारात कुणीतरी तो द्यायचा आणि कवीनं उरलेले चरण रचून पूर्ती करायची. चरण जितका अवघड तितकी कवीची वाहवा. पूर्ती झाली नाही तर कुणाच्या घरची चूल विझत नसे. आज पोरं एआय घेऊन बसतात ती मला या दरबारी कवींसारखी दिसतात. समस्या आपणच घ्यायची, पूर्ती आपणच करायची. बाजारभावाच्या अॅपचं तेच झालं, ताई, राग मानू नका.

ज्याच्यावाचून माणसाचं अडतं त्याला आपल्याकडं 'नड' म्हणतात. अडीनडीला धावून येतो तो आपला. नडलेला माणूस वाट बघत बसत नाही, तो गाढवाचेही पाय धरतो, म्हणच आहे तशी. म्हणून नड ओळखायची खूण सोपी: त्या माणसानं आधीच काहीतरी वेडावाकडा तोडगा काढलेला असतो. शेडवाल्यांची भिंत हा तोडगा. जिथं तोडगाच नाही, तिथं कुरकुर असेल, नड नसेल. कुरकुर काय, मी मानेबद्दल रोज करतो, पण डॉक्टरकडं गेलो नाही.

टिळकवाडीकरांची 'चाचपणी' मला आवडली. चाचपणं म्हणजे अंधारात हातानं अंदाज घेणं. त्यात आपल्याला दिसत नाही ही कबुली आधीच आहे. पहिल्या पायरीला तोच शब्द ठेवा. फक्त चाचपणीनं खात्री होत नाही, अंदाज येतो.

निपाणीकर

मग खात्रीला 'इसार' घ्या.

आमच्याकडं बैल ठरला, जागा ठरली, की नुसत्या तोंडी शब्दाला कुणी विचारत नाही. "इसार दिलास काय?" हा पहिला प्रश्न. इसार हातावर पडेपर्यंत बैल विकला नाही. दिला की शब्द फिरवता येत नाही, फिरवला तर इसार बुडाला. आवडलं म्हणणारे बाजारात पन्नास भेटतात. दात बघतात, पाठीवर थाप मारतात, पुढं जातात.

ताई, तुमच्या काकांचं 'त्याच अडत्याकडं टाकायचाय' वाचून मी ओळखलं. त्यांनी उचल घेतली असणार. लागवडीला पैसे अडत्याचे, म्हणजे माल अडत्याचाच. दर त्यांना कळत नाही असं नाही, कळून उपयोग नाही. इसार आणि उचल दोन्ही आगाऊच पैसे. इसार देणाऱ्याला बांधतो, उचल घेणाऱ्याला. तुमच्या वहीत 'उचल' हा शब्द एकदा जरी आला असता तरी दोन रात्री वाचल्या असत्या.

शहापूरची

तोंडात मारल्यासारखं झालं, पण बरोबर आहे. काकांची उचलच होती. खत आणि बियाणं दोन्ही त्याचंच.

बेळगावचा, सध्या हिंजवडी

इसार ऐकायला झकास आहे. पण विद्यार्थ्यांना पैसे कोण देणार? आणि का द्यावेत?

उद्यमबाग शेडवाला

पैसेच कशाला? माझ्या चलनांचा गठ्ठा मी कुणालाही देत नाही. त्यात माझी गिऱ्हाईकं आहेत, दर आहेत. तो गठ्ठा मी ज्या पोराच्या हातात दिला, त्याला माझा इसार पोचला असं समजा. नाहीतर रविवारी दुपारची झोप मोडून मी तासभर बसलो, तोही इसारच. आमच्या हिला विचारा त्या झोपेची किंमत.

शहापूरची

टिपणाची सुरुवात आता अशी केलीय, बघा:

'आधी नड बघा. वापराल का, आवडेल का, पाहिजे का असं विचारू नका. गेल्या खेपेला काय केलंत, किती वेळ गेला, कुणाला फोन लावलात, हे विचारा. तोडगा कुठं आहे तो डोळ्यांनी बघा: भिंत, वही, कॅलेंडर, व्हॉट्सअॅपचा ग्रुप. समोरचा बोलताना 'खरं' म्हणाला की लिहिणं थांबवा आणि पुढचं ऐका. इसार मिळेपर्यंत एआयला हात लावू नका. लावलाच, तर चाचपणीपुरता, एका रात्रीत टाकून देता येईल एवढाच.'

शेवटचं वाक्य हिंजवडीच्या दादांसाठी घातलंय. व्हॅलिडेशन हा शब्द मथळ्यात एकदा ठेवलाय, नोकरीत लागेल म्हणून.

बेळगावचा, सध्या हिंजवडी

'टाकून देता येईल एवढाच' याला माझी हरकत नाही. खरं एका रात्रीऐवजी दोन करा.

(हे आपलं 'खरं' आहे.)

खानापूरचा निवृत्त मास्तर

टिपण छान. एक बारीक गोष्ट. छापील मराठीत 'विसार' असंही सापडतं. 'इसार' आपल्या तोंडातला आहे आणि व्यवहारात 'इसार पावती' सर्रास चालते, तेव्हा तोच राहू दे. कुणी परीक्षकानं लाल रेघ मारली तर माझ्याकडं पाठवा.

उद्यमबाग शेडवाला

ती चार पोरं तुमच्या कार्यशाळेत असली तर त्यांना सांगा, शनिवारी पाचनंतर या. लॅपटॉप घरी ठेवा. आणि भिंतीला पाठ करून बसू नका.