आर्सेनल २०२५-२६: यंदा दुसरा नंबर चालणार नाही (बडोद्यातल्या आर्सेनल चाहत्यांचा धागा, ऑगस्ट २०२५)

दांडियाबाजारकर

मँचेस्टर युनायटेडविरुद्धची ओल्ड ट्रॅफर्डची मॅच १७ ऑगस्टला आहे, आपल्याकडे रविवारी रात्री ९ वाजता. त्याआधीच माझं मत लिहून ठेवतो, म्हणजे मे महिन्यात कोणी "आता निकाल लागल्यावर बोलतोस" असं म्हणायला नको. यंदा प्रीमियर लीग जिंकली नाही तर मॅनेजर आर्टेटाने जावं. दुसरा नंबर आला तरी, एका गुणाने हुकली तरी.

हे रागाच्या भरात लिहीत नाहीये. बडोद्यात आर्सेनलची जी जुनी मंडळी आहेत, ती बहुतेक सगळी थिएरी ऑन्रीमुळे या क्लबाकडे ओढली गेली. क्रिकेटच्या गावात, जिथे मोतीबाग सोडून दुसरं मैदान कोणाला दिसत नाही, तिथे आम्ही शाळेतली पोरं त्याचं पळणं बघून वेडी झालो. २००३-०४ ला ३८ मॅचमध्ये एकही हार नाही. पुढच्या हंगामात तो आकडा ४९ पर्यंत गेला. आणि तिथून लीग जी गेली ती गेलीच. एमिरेट्स हे नवं स्टेडियम आलं, त्याच्या कर्जापायी चांगले खेळाडू विकले, व्हॅन पर्सी २०१२ मध्ये युनायटेडला गेला आणि पहिल्याच वर्षी त्यांना लीग जिंकून दिली. ते सगळं गिळलं.

आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये आला. २०२० चा एफए कप दिला, पण लीगमध्ये लागोपाठ दोनदा आठवा नंबर. तेव्हाही मी त्याच्याच बाजूने भांडलो, कारण संघ उभा राहताना दिसत होता. २०२२-२३ च्या एप्रिलमध्ये लिव्हरपूल आणि वेस्ट हॅमविरुद्ध २-० ने पुढे असताना २-२ झालं, मग साउदॅम्प्टनशी ३-३, तेव्हा म्हटलं, पोरं लहान आहेत. २०२३-२४ ला ८९ गुण केले आणि मँचेस्टर सिटीने ९१. तिथे तर बोलायला जागाच नाही.

पण गेल्या हंगामाचं काय? आपले ७४, लिव्हरपूलचे ८४. लिव्हरपूल चार मॅच हरलं, आपणही चारच हरलो. फरक पडला तो १४ ड्रॉमुळे. आदल्या वर्षी ९१ गोल केलेला संघ ६९ वर आला. लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल हावर्ट्झचे, ते ९. आणि ते ड्रॉ आठवा कसे व्हायचे! चेंडू उजवीकडे साकाकडे, त्याच्या अंगावर लगेच दोघं. मग मागे ओडेगार्डकडे, तिथून राईसकडे, राईसकडून डावीकडे, डावीकडून परत राईसकडे. समोर दहा माणसं गोलसमोरच्या पेनल्टी पेटीत उभी, आणि त्यांच्या पाठीमागे जाणारा आपला एकही माणूस नाही. जीजसचा गुडघा जानेवारीत गेला, तरी जानेवारीत स्ट्रायकर घेतला नाही. फेब्रुवारीत हावर्ट्झही पडला आणि मेरिनो, मधल्या फळीतला माणूस, पुढे खेळवावा लागला. तो जीव तोडून खेळला, पण हे नशीब नव्हतं, हा निर्णय होता.

आता स्ट्रायकर ग्योकेरेस आला आहे. झुबिमेंडी, मादुएके, नॉरगार्ड, मॉस्केरा, केपा आले आहेत. जे जे मागितलं ते दिलं. शिवाय साका आणि सालिबा दोघांचे करार २०२७ ला संपतात, आर्टेटाचाही २०२७ लाच. म्हणजे अजून एक वर्ष "प्रगती चालू आहे" म्हणत घालवलं तर हाच संघ हातात राहील याची खात्री कोण देणार? म्हणून यंदाच.

वाघोडियारोड४९

दादा, तुझ्याएवढीच मलाही लीग हवी आहे. पण "एका गुणाने हुकली तरी काढा" हे मला अजिबात पटत नाही.

२०२३-२४ च्या शेवटच्या १८ लीग मॅच बघ. १६ जिंकल्या, एक ड्रॉ, एक हार. याहून जास्त कोणता कोच काय करणार? आणि ती एक हार कोणाकडून झाली? एमिरेट्सवर ०-२, ॲस्टन व्हिलाकडून. व्हिलाचा मॅनेजर उनाय एमरी, ज्याला आपणच २०१९ मध्ये दीड वर्षात काढलं होतं. माणूस काढला की प्रश्न सुटतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ती मॅच पुन्हा बघावी.

युनायटेडकडे बघ. मॅनेजर फर्ग्युसन २०१३ ला निवृत्त झाले. मोयेस, व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग आणि मग अमोरिम. लीग एकही नाही, आणि गेल्या हंगामात पंधरावा नंबर. आपल्याला असा क्लब व्हायचं आहे का?

दांडियाबाजारकर

युनायटेडचं उदाहरण इथे लागू होत नाही. त्यांनी मोडक्या संघावर मॅनेजर बदलले. उभ्या संघावर मॅनेजर बदलला तर काय होतं याचं उदाहरण लिव्हरपूल आहे. क्लॉपने संघ बांधला, तो गेला, स्लॉट आला, बाहेरून जवळजवळ काही घेतलं नाही आणि पहिल्याच वर्षी लीग. क्लॉपला वेळ दिला असं सगळे सांगतात. दिला, पण त्याने मधे २०१९ ला युरोपची चॅम्पियन्स लीग आणली होती. आपल्याकडे २०२० च्या कपनंतर काय आलं?

फतेगंजची गनर

क्लबाने काय जिंकलं असं विचारत असाल तर २४ मे २०२५ ची तारीख लिहून घ्या. लिस्बनमध्ये आर्सेनलच्या बायकांच्या संघाने बार्सिलोनाला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. गोल ब्लॅकस्टेनियसचा. तोच लाल शर्ट, तीच तोफ. या धाग्यात "क्लब" म्हटलं की फक्त पुरुषांचा संघ धरला जातोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि त्या जिंकल्या कशा तेही बघा. रेआल माद्रिदकडून पहिली मॅच ०-२ हरल्या, परतीची ३-० जिंकल्या. लिऑनकडून घरच्या मैदानावर १-२ हरल्या आणि त्यांच्या गावात जाऊन ४-१ केलं. पुरुषांच्या संघात ही गोष्ट कमी पडते. चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला पीएसजीविरुद्ध पहिल्या मॅचच्या चौथ्याच मिनिटाला डेम्बेलेचा गोल झाला आणि मग दोन्ही मॅचमध्ये आपण मागे पळतच राहिलो. स्ट्रायकर कुठला आणि कोच कोण, याच्याआधी मागे पडल्यावर काय करायचं ते या संघाला यायला हवं.

दांडियाबाजारकर

ताई, तो विजय माझाही आहे, ती मॅच मी पूर्ण बघितली. पण तिथेही ऑक्टोबरमध्ये कोच आयडेवाल गेला, रेने स्लेगर्स आली आणि त्याच हंगामात युरोप जिंकलं. हे माझ्याच मुद्द्याला धरून आहे.

फतेगंजची गनर

नाही, ते तसं नाही. आयडेवालने सुरुवात वाईट झाल्यावर स्वतः राजीनामा दिला. स्लेगर्स बाहेरून आली नाही, ती आधीपासून तिथेच सहायक कोच होती, खेळाडूंना ओळखत होती. आधी हंगामी म्हणून नेमली आणि जानेवारीत कायम केली. कोणी ऑगस्टमध्ये बसून "लीग नाहीतर घरी" अशी अट घातली नव्हती. तुमच्या अटीला हा पुरावा चालणार नाही.

पोलोग्राउंड_सकाळ

मी मुलांना शिकवतो, त्यामुळे माझं लक्ष गोलच्या आकड्यांपेक्षा गोल कुठून झाला याकडे जास्त असतं. ग्योकेरेसने पोर्तुगालच्या स्पोर्टिंगसाठी गेल्या हंगामात लीगमध्ये ३९ गोल केले, खरं आहे. त्यात पेनल्टी बऱ्याच. उरलेले बघा: चेंडू मिळतो तेव्हा समोर मोकळं मैदान, खांदा लावून बचावपटूला बाजूला करायचं आणि डावीकडून आत येऊन मारायचं. माणूस ताकदीचा आहे, आणि पळण्याची भूक अशी की पोरांना दाखवावी. पण आर्सेनलला मोकळं मैदान मिळतं कुठे? समोरचा संघ पेटीतच बसलेला असतो, हे मूळ लिखाणात दादांनीच नेमकं सांगितलं आहे.

पोर्तुगालमधून आलेले सगळे सारखे नसतात. ब्रुनो फर्नांडिस आला आणि पहिल्या महिन्यापासून चालला. डार्विन नुन्येझने बेनफिकासाठी एका लीग हंगामात २६ गोल केले होते, आणि लिव्हरपूलमध्ये तो आकडा परत कधी दिसला नाही. ग्योकेरेस इंग्लंडच्या कॉव्हेंट्री क्लबात खेळलेला आहे, इंग्लंडची धक्काबुक्की त्याला माहीत आहे, हा त्याचा फायदा. परवा सरावाच्या मॅचमध्ये बिल्बाओविरुद्ध हेडरने गोल केला, तोही चांगला होता. तरी त्याच्या एकट्याच्या नावावर "जे जे मागितलं ते दिलं" म्हणणं घाईचं आहे.

माझ्या मते खरा प्रश्न ओडेगार्डचा आहे. २०२२-२३ ला लीगमध्ये १५ गोल, मग ८, मग ३. कप्तानाचे गोल असे आटले तर स्ट्रायकर कोणीही आणा. आणि डावीकडे अजून काहीच बदललेलं नाही. मादुएकेही मुळात उजवीकडचाच.

वाघोडियारोड४९

+१. आणि १४ ड्रॉचा एवढा बाऊ नको. २००३-०४ च्या अजिंक्य संघाचेही १२ ड्रॉ होते.

दांडियाबाजारकर

आणि हारी शून्य. तेव्हा ९० गुणांत लीग आली. आपण १४ ड्रॉवर ४ हारी घेतल्या आणि ७४ वर थांबलो. त्या संघाशी तुलना करायची तर दोन्ही रकाने लिहा.

ओडेगार्डचा मुद्दा मात्र मोलाचा आहे. पण मग विचारतो, तीन वर्षं कप्तानाचे गोल आटतायत, त्यावर उत्तर शोधणं कोणाचं काम? मॅनेजरचंच ना?

रणजी_जुना

मी फुटबॉल मुलामुळे बघायला लागलो, त्यामुळे खेळातलं बारीक मी बोलणार नाही. पण वाट बघण्याबद्दल बोलू शकतो. बडोद्याने रणजी शेवटची २०००-०१ ला जिंकली. झहीर खान तेव्हा आपल्याकडून खेळत होता. पुढच्याच वर्षी पुन्हा फायनलला गेलो, रेल्वेकडून हरलो, आणि गावात सगळे म्हणाले, संघ चांगला आहे, पुढच्या वर्षी होईल. मग झहीर मुंबईला गेला. पठाण बंधू आले, पण देशासाठी खेळणारी मुलं रणजीला पूर्ण हंगाम कुठून मिळणार? त्यानंतर फायनल दिसली ती थेट २०१०-११ ला. तीही राजस्थानने नेली.

म्हणून दांडियाबाजारकरांची घाई मला कळते. चांगला संघ हातात असतो ती वर्षं मोजकी असतात आणि ती चालू असताना तसं कोणालाच वाटत नाही. पण तुमचा उपाय मला मान्य नाही. बडोद्याची पुढची वर्षं कोचमुळे गेली नाहीत, मुलं निघून गेली म्हणून गेली. आर्सेनलच्या मालकांना काही सांगायचं असेल तर हे सांगा: साका आणि सालिबाच्या करारावर आधी सह्या घ्या. मॅनेजरचं मग बघा.

निझामपुऱ्याहून

सगळ्यांचं वाचलं. माझा एक प्रश्न आहे, आणि तो मनापासून विचारतोय. आपण कधी त्या मैदानाचं तिकीट काढलं नाही, तिथे कर भरत नाही, पावसात उभे राहिलो नाही. मग लंडनच्या माणसाची नोकरी जावी असं बडोद्यात बसून म्हणण्याचा हक्क आपल्याला कुठून आला? इथल्या फुटबॉलची अवस्था काय आहे? जुलैमध्ये आयएसएल, म्हणजे आपली इथली फुटबॉल लीग, थांबवल्याचं जाहीर झालं, आपल्याच देशातले खेळाडू हंगाम होणार की नाही या काळजीत आहेत. एवढा जीव तिकडे लावला असता तर?

दांडियाबाजारकर

हक्क वर्षांनी येतो. शाळेपासून आजपर्यंत एवढ्या मध्यरात्री ज्याला दिल्या, त्याच्याबद्दल मी मत देणारच. आयएसएलचं दुःख खरं आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला लिहीन. एक प्रेम दाखवायला दुसरं सोडावं लागतं हे मला मान्य नाही.

पोलोग्राउंड_सकाळ

निझामपुऱ्याच्या भावाला एवढंच सांगतो की सकाळी मैदानावर जी पोरं येतात, त्यातली निम्मी साकाचा ७ नंबर घालून येतात. तो शर्ट अंगात असल्यामुळेच ती सहा वाजता उठतात. माझं मैदान तरी या परदेशी क्लबांनीच भरलं आहे.

वाघोडियारोड४९

वर्षभराच्या अटी बाजूला ठेवू. सुरुवातच बघा ना: युनायटेड बाहेर, लीड्स घरी, ३१ ऑगस्टला लिव्हरपूलचं ॲनफिल्ड, मग फॉरेस्ट आणि सिटी घरी, आणि ऐन नवरात्रात न्यूकॅसल बाहेर. लिव्हरपूलने व्हिर्ट्झसाठी दहा कोटी पौंड मोजलेत, एकिटिकेही घेतला आहे. या सहातून १२ गुण आले तर मी समाधानी. दादा, तू?

दांडियाबाजारकर

१४. आणि ॲनफिल्डला हरायचं नाही.

फतेगंजची गनर

३१ ला आमच्याकडे गौरी येतात, रात्री ९ ला घर भरलेलं असेल, तरी मॅच लावणार. मला तिथे लुईस-स्केली बचावात डावीकडे हवा, लिव्हरपूलच्या सलाहसमोर. गेल्या वर्षी त्याने भल्याभल्यांना पुढे जाऊ दिलं नाही.

पोलोग्राउंड_सकाळ

सलाहसमोर अठरा वर्षांचा मुलगा? ताई, मी तिथे कालाफिओरी ठेवेन. आणि पुढे हावर्ट्झ. ॲनफिल्डला चेंडू वरून येणार, तो छातीवर घेऊन मागच्याला देणारा माणूस हवा. ग्योकेरेस साठाव्या मिनिटाला, बचाव दमल्यावर.

दांडियाबाजारकर

अजिबात नाही. सहा कोटी युरोंहून जास्त मोजून आणलेला माणूस बाकावर बसवायचा असेल तर आणला कशाला? लिव्हरपूल स्वतःच्या मैदानावर पुढे चढून खेळतं, म्हणजे तुम्हीच वर म्हणालात ते मोकळं मैदान त्याला तिथेच मिळणार. पहिल्या मिनिटापासून ग्योकेरेस, आणि त्याला पास द्यायला ओडेगार्डच्या शेजारी न्वानेरी.