वसंतातली अस्वलाची शिकार, सोबत घरची मंडळी: मेचा कोणता आठवडा?

प्रश्न (डोंगरवाट): कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात काळ्या अस्वलासाठी गाइडबरोबर सहा दिवस. अल्बर्टाहून जाणार. टॅग (शिकारीचा परवाना) माझा एकट्याचा. बायको आणि बारा वर्षांची मुलगी नुसत्या बघायला. मेचा पहिला आठवडा घ्यावा की शेवटचा? आणि दोघींमुळे शिकार बिघडेल का?

रानमाग: माणसांनी नाही, वाऱ्याने बिघडते. अस्वलाची नजर चुकवता येते, नाक नाही. वारा पाठीवर आला की तिघे असा नाहीतर एकटे, अस्वल गेलंच.

आठवड्याचं म्हणाल तर, नर बिळातून आधी निघतात, पिल्लंवाल्या माद्या सगळ्यांत उशिरा. सुरुवातीला कातडं दाट असतं. मेअखेरीस झाडांना अंग घासून पुठ्ठ्यावरचे केस विरळ होतात, पण तेव्हा माजावरचे नर माद्यांमागे दिवसाही हिंडतात. मी मधला आठवडा घेईन. बर्फ उशिरा वितळला तर मात्र गाइड सांगेल ते ऐका.

त्या प्रांतात आमिष लावायला बंदी आहे, म्हणून लॉगिंग रोड (लाकूडतोडीचे जंगलातले रस्ते) आणि दक्षिणेकडचे उतार दुर्बिणीने धुंडाळायचे. कोवळं गवत, क्लोव्हर, डँडेलियन जिथे, तिथे अस्वल. दुपारी निघून अंधार पडेपर्यंत, त्यामुळे मुलीची सकाळची झोपही होते.

ऑंटारियो प्रांतात आमिष लावून मचाणावर वाट बघणं चालतं (तिथली वसंतातली शिकार १९९९ला बंद झाली होती, २०१४पासून टप्प्याटप्प्याने परत आली). पण बारा वर्षांच्या पोरीला डास न मारता चार तास मचाणावर बसवणं म्हणजे शिक्षाच.

टेकडी४२: मुलीला नुसतं बसवू नका, ८×४२ दुर्बीण द्या. काम एकच: तुम्ही ज्या अस्वलाकडे बघताय ते सोडून त्याच्या आजूबाजूला बघायचं. दोन वर्षांखालचं अस्वल मारणं बेकायदा, आणि त्याच्यासोबतचं कोणतंही अस्वलसुद्धा. पिल्लं चरातल्या गवतात दिसत नाहीत, नाहीतर झाडावर चढून बसलेली असतात. पाच-दहा मिनिटं थांबलं की बहुतेक वेळा उघडी पडतात.

ग्रिझली या दुसऱ्या, तपकिरी अस्वलाची शिकार ब्रिटिश कोलंबियात २०१७च्या अखेरीपासून बंद आहे. रंगावर जाऊ नका, काळं अस्वल तपकिरीही असतं. खांद्यावरचा उंचवटा, खोलगट चेहरा, लांब नखं दिसली तर ते ग्रिझली, बंदूक खाली. काळ्या अस्वलाचे कान मोठे, उभे आणि डोक्याच्या माथ्यावर वाटले तर पोरसवदा. बारके आणि बाजूला सरकलेले वाटले तर मोठा नर.

खारवलेलं_कातडं: .३०८ किंवा .३०-०६ची रायफल, गोळी १६५ ते १८० ग्रेन वजनाची पुरे. अस्वल पूर्ण आडवं होऊन जवळचा पुढचा पाय पुढे टाकेल तोवर थांबा. नेम खांद्यामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागापासून मध्यापर्यंत. चरबी आणि दाट केस रक्त शोषून घेतात, माग फारसा मिळत नाही. म्हणून शेवटचं कुठे दिसलं तो बुंधा लक्षात ठेवा आणि अर्धा तास जागचे हलू नका. माग काढताना दोघी गाडीतच. गोळीच्या वेळी दोघींच्या कानांवर मफ हवेत, ते घरूनच न्या.

कातडं त्याच संध्याकाळी सोला. पंजे आणि कान उलटे करून मीठ चोळा, नाहीतर उष्णतेने केस सुटतात. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं तर गेलंच. चारही फऱ्यांचं आणि पाठीचं खाण्याजोगं मांस आणणं सक्तीचं आहे. पित्ताशय बाळगायला बंदी, ते रानातच सोडा.

मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस झालंच पाहिजे, थर्मामीटर खुपसून बघा. मांसातल्या ट्रिकिनेला या परजीवी जंताची उत्तरेकडची जात गोठवून मरत नाही, फ्रीझरच्या भरवशावर राहू नका.

डोंगरवाट: मधला आठवडा मागतो. बघायला येणाऱ्यांचे वेगळे पैसे लागतात का?

रानमाग: बरेच आउटफिटर (शिकारीची सहल आखणारे) घेतात. आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी घ्या, आणि गाडीत चौघांना खिडकीची जागा आहे का तेही विचारा.